किनाऱ्यावर कासव दिसलं की त्याला परत समुद्रात ढकलू नका, डहाणूत त्यांच्यासाठी दवाखाना आहे

डहाणू तालुक्यातलं वरोर हे मच्छिमारांचं गाव. गेल्या काही वर्षांत त्याचं नाव बातम्यांमध्ये आलं ते शेजारच्या वाढवण बंदरामुळे. बंदराबद्दल आजवर भरपूर बोललं गेलंय, पुढेही बोललं जाईल. आज विषय वेगळा आहे.

चिंचणी, वरोर, वाढवण, डहाणू, नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी आणि पुढे तलासरी तालुक्यातलं झाई. या सगळ्या किनाऱ्यावर पावसाळ्यात जखमी समुद्री कासवं वाहून येतात. त्यातलं एखादं कासव जगणार की मरणार, हे बऱ्याचदा ठरवतो तो त्याला सगळ्यात आधी बघणारा माणूस. म्हणजे सकाळी फिरायला गेलेले काका, मासळी घ्यायला निघालेली मावशी, नाहीतर क्रिकेट खेळणारी पोरं.

आता कासव दिसलं की आपल्याला पहिलं काय सुचतं? बिचारं पाण्याबाहेर आलंय, चला, चौघं मिळून उचलू आणि समुद्रात सोडू. हेतू एकदम चांगला. पण याच मदतीमुळे कासव मरू शकतं.

का? तर कासव हा मासा नाही. त्याला कल्ले नसतात, फुफ्फुसं असतात. श्वास घ्यायला त्याला ठरावीक वेळाने पाण्यावर यावंच लागतं. अंगात ताकद नसेल, पर तुटला असेल, तर ते वर येऊ शकत नाही आणि चक्क बुडून मरतं.

दुसरी गोष्ट, समुद्री कासव विनाकारण जमिनीवर येत नाही. आपल्याकडे वाळूत येते ती मादी, तेही अंडी घालायला. ती बहुतेकदा रात्री येते, खड्डा करते, अंडी घालते आणि स्वतःहून परत जाते. त्यामुळे भर दिवसा एखादं कासव, त्यातही लहान कासव, किनाऱ्यावर निपचित पडलेलं दिसलं तर ते वाट चुकलेलं नसतं. ते आजारी असतं.

मग कासवाला होतं तरी काय?

सगळ्यात मोठं कारण जाळी. फाटलेली, तुटलेली, समुद्रात सोडून दिलेली नायलॉनची जाळी वर्षानुवर्षं कुजत नाहीत. त्यांना ‘भुताची जाळी’ म्हणतात, कारण मालक नसतानाही ती जीव पकडत राहतात. जमिनीवरचं कासव मान आणि पाय कवचात ओढून घेतं, समुद्री कासवाला ते जमत नाही. दोरा पराभोवती आवळत जातो, रक्तपुरवठा थांबतो आणि पर सडतो.

दुसरं कारण आजार. फुफ्फुसांना संसर्ग झाला किंवा पोटात वायू धरला की कासव नुसतं तरंगत राहतं. त्याला बुडी मारता येत नाही, म्हणजे खाणंही मिळत नाही. अशी कमजोर कासवं पावसाळ्यातला नैऋत्येचा वारा आणि लाटा किनाऱ्यावर आणून टाकतात.

डहाणूतला दवाखाना

इथेच डहाणूचं वेगळेपण आहे. वन विभाग आणि वाईल्डलाईफ कन्झर्वेशन अँड अ‍ॅनिमल वेल्फेअर असोसिएशन ही स्थानिक संस्था मिळून इथे समुद्री कासवांचं उपचार केंद्र चालवतात. संस्था उभी केली ती धवल कंसारा यांनी. उपचारांची बाजू सांभाळली पशुवैद्यक डॉ. दिनेश विन्हेरकर यांनी. पर गमावलेल्या कासवाला कृत्रिम पर बसवण्याचा प्रयोगही इथे झाला. संस्थेचे स्वयंसेवक घरात शिरलेले साप पकडून सोडतात, जखमी पक्षी आणतात आणि फोन आला की किनाऱ्यावर कासवासाठी धावतात.

कासवं म्हटलं की महाराष्ट्राला आठवतं ते रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास. तिथे २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन अंडी जपायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पर्यटक आले, घरोघरी राहण्याजेवण्याची सोय झाली आणि गावाला चार पैसे मिळाले. डहाणूचं काम याच्या उलट. इथे समुद्राकडे धावणारी गोंडस पिल्लं नाहीत. जखमा, इंजेक्शनं आणि महिनोन्महिने चालणारे उपचार आहेत. त्यामुळे हे काम फारसं कुणाला माहीत नाही.

आणि मच्छिमारांचं काय?

कासव जिवंत जाळ्यात अडकलं तर ते सोडवायला जाळं कापावं लागतं. जाळं म्हणजे मच्छिमाराचं भांडवल. फक्त ‘कासव वाचवा’ सांगून हा खर्च भरून निघत नाही.

म्हणून डिसेंबर २०१८ मध्ये राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने आणि वन विभागाच्या कांदळवन कक्षाने एक योजना आणली. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित जीव जाळं कापून सोडला, तर जास्तीत जास्त २५ हजार रुपये भरपाई. अट एकच महत्त्वाची, सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ हवेत. मोबाईलचा याहून चांगला उपयोग कोणता? तुमच्या ओळखीत कुणी मच्छिमार असेल तर त्याला ही योजना नक्की सांगा.

कासव दिसलं तर नेमकं करायचं काय?

१. १९२६ या वन विभागाच्या हेल्पलाईनला फोन करा. जागा नीट सांगा, जमल्यास लोकेशन पाठवा.

२. पाण्यात ढकलू नका. पाण्याच्या टबातही ठेवू नका.

३. ऊन असेल तर सावली करा. कवचावर ओलं फडकं टाका, पण डोळे आणि नाकपुड्या मोकळ्या ठेवा.

४. काही खायला घालू नका. उलटं करू नका. उचलायची वेळ आलीच तर पराला धरून ओढू नका, कवच दोन्ही बाजूंनी धरा.

५. तोंडातून दोरा लोंबत असेल तर खेचू नका. त्याच्या दुसऱ्या टोकाला पोटात गळ असू शकतो.

६. कुत्री आणि गर्दी लांब ठेवा. पाठीवर हात ठेवून सेल्फी नको.

७. मेलेलं वाटलं तरी फोन करा. कधीकधी ते फक्त बेशुद्ध असतं.

आणि रात्री अंडी घालणारी मादी दिसली तर? टॉर्च बंद, आवाज बंद, लांब उभं राहायचं आणि वन विभागाला कळवायचं.

कायद्याचंही लक्षात असू द्या. भारताच्या समुद्रात आढळणाऱ्या पाचही जातींची कासवं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. प्रेमाने घरी नेऊन पाळलं तरी तो गुन्हाच.

आपल्याकडे देवळात गाभाऱ्यासमोर कासव असतं, आपण त्याच्या पाया पडून पुढे जातो. किनाऱ्यावरच्या कासवाला मात्र आपला नमस्कार नको असतो. त्याला हवा असतो एक फोन आणि माणसं येईपर्यंत शेजारी थांबणारं कुणीतरी.