परक्या गांवीं चूल मांडतांना

मुलगा किंवा सून परदेशीं जावयास निघाली, म्हणजे घरांत पेट्या भरण्याची जी धांदल उडते, तींत एक मौज दिसून येते. कपडे घेतले जातात ते तिकडच्या हवेचे. डब्यांत भरलें जातें तें मात्र सगळें इकडचें. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, आमसुलें, आणि अखेरीस आजीच्या हट्टास्तव एक तांब्याची पळी! ल्यावयाचें तें त्यांचें व खावयाचें तें आपलें, ही वांटणी कोणीं कोणास शिकविलेली नसते. तरी ती घरोघर सारखीच आढळते. पेटी उघडल्यावर मात्र प्रश्न इतका सोपा राहत नाहीं. मुलांशीं कोणत्या भाषेंत बोलावें, सण त्या दिवशीं करावा कीं सुटीचा रविवार पाहून करावा, शेजारणीस काय वाढावें, असे शंभर निवाडे रोज करावे लागतात; आणि आज सहज केलेल्या निवाड्याचें फळ कित्येकदां नातवंडांच्या पदरीं पडतें.

हे निवाडे ज्यांनीं हजार-बाराशें वर्षांपूर्वीं केले, त्यांची हकीकत आपल्या अगदीं शेजारची आहे. पालघरास आगगाडींत बसून उत्तरेकडे निघावें. उमरोळी, बोईसर, वाणगांव, डहाणू, घोलवड हीं स्थानकें मागें पडतात आणि महाराष्ट्राची हद्द ओलांडल्यावर संजाण येतें. इराणांतून धर्मरक्षणार्थ निघालेले पारशी प्रथम येथें स्थिरावले. तें साल कोणी ७१६ धरितात, कोणी ९३६. हा वाद पंडितांवर सोंपवूं. नवसारीच्या बहमन कैकोबाद या पुरोहितानें १५९९ सालीं फारशी पद्यांत लिहिलेल्या ‘किस्से संजाण’ या ग्रंथांत ही कथा आहे. दुधांत साखर मिसळल्याची जी गोष्ट आपण लहानपणीं ऐकतों ती या ग्रंथांत नाहीं. ती मागाहून लोकांनीं रचलेली दिसते. ग्रंथांत आहेत त्या जादी राण्यानें घातलेल्या अटी: आपला धर्म समजावून सांगा, इराणची भाषा सोडून येथली बोला, स्त्रियांनीं येथला पोषाख करावा, शस्त्रें खालीं ठेवावीं, आणि लग्नें सायंकाळीं लावावीं.

या अटींचा विचार करतांना आम्हांस राजाच्या धोरणीपणाचें कौतुक वाटतें. पांचांपैकीं चार अटी रस्त्यावर, बाजारांत, चारचौघांत दिसणाऱ्या गोष्टींच्या आहेत. धर्माविषयीं राजानें फक्त ‘समजावून सांगा’ म्हटलें. ‘सोडा’ म्हटलें नाहीं. स्वयंपाकघराविषयीं तर अवाक्षरही नाहीं.

परक्याला सामावून घेण्याची ही रीत एकट्या जादी राण्याचीच होती असें नव्हे. तारापुरासमोर खाडीपलीकडे चिंचणी आहे. तेथें सांपडलेल्या ताम्रपटांपैकीं एक शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या कारकिर्दींतला आहे. त्यांत संजाण मंडळाचा अधिकारी म्हणून ‘मधुमति’ नांवाचा एक ‘ताजिक’ येतो. ताजिक म्हणजे अरब. आपल्या ज्योतिषांतील ताजिक पद्धतीचें नांव त्याच शब्दावरून पडलें. आणि मधुमति हें महंमद या नांवाचेंच संस्कृत रूप, असें विद्वानांचें मत आहे. या गृहस्थानें नदीवर फुकट तर ठेविली, वाटसरूंसाठीं अन्नसत्र घातलें व त्यांत तांदळाचा भात, कालवण आणि तूप मिळण्याची सोय केली. इतकेंच नव्हे, तर एका ब्राह्मणाच्या विनंतीवरून देवीच्या मठिकेस जमीनही दिली. परक्या देशांत अधिकार मिळाला असतां माणसानें काय करावें, याचा याहून नीटस दाखला आमच्या तरी पाहण्यांत नाहीं.

पारशांनीं राजाच्या अटी पाळल्या, आणि मागितल्यापेक्षां अधिकही घेतलें. त्यांच्या दारीं रांगोळीचे छाप उठतात, उंबरठ्यावर तोरण लागतें, शुभकार्यांत कुंकू-नारळ असतो. त्यांच्या धर्मग्रंथांचें संस्कृत भाषांतर मध्ययुगांत नेर्योसंग धवल या त्यांच्याच पंडितानें केलें, हें आपल्यांतील संस्कृतज्ञांसही फारसें ठाऊक नसतें. सदरा व कुस्ती मात्र वस्त्राच्या आंत राहिली आणि अग्नि विझला नाहीं. पुढें संजाण मुसलमानी फौजेच्या हातीं पडलें, तेव्हां तो अग्नि त्यांनीं पालघर जिल्ह्यांतल्याच बाहरोटच्या डोंगरांतील लेण्यांत बारा वर्षें राखला, अशी परंपरा आहे.

पण या सौद्यांत एक वस्तु महाग पडली. ती म्हणजे भाषा. पहिल्या पिढीनें गुजराती व्यवहारापुरती उचलली असेल. कांहीं पिढ्यांनंतर तीच मातृभाषा झाली. प्रार्थना अवेस्ताच्या भाषेंत राहिल्या खऱ्या, परंतु त्या गुजराती अक्षरांत छापून पाठ करावयाची वेळ आली, आणि शब्द जिभेवर राहून अर्थ पुरोहिताकडे गेला. येथें आपण इतरांकडे बोट दाखवूं नये. अमेरिकेंतल्या नातवंडासाठीं रामरक्षा रोमन लिपींत उतरवून धाडणाऱ्या आज्या आज आपल्यांतही आहेत. तिकडे १९८१ सालीं स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळानें मराठी शाळांचें काम हातीं घेतलें, तें या नुकसानीची जाणीव झाल्यामुळेंच.

दुसरें नुकसान पंचांगाचें. मायदेशाशीं संबंध विरळ झाला म्हणजे काय होतें, याचें तें उत्तम उदाहरण आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं किरमाणहून एक दस्तूर सुरतेस आले, तेव्हां इकडच्या व तिकडच्या पंचांगांत नेमकें एका महिन्याचें अंतर आढळलें. मागें केव्हां तरी हिंदुस्थानांत एक अधिक महिना धरला गेला आणि इराणांत धरला गेला नाहीं, असा त्याचा उलगडा करितात. अधिक मासाचे घोटाळे आपल्या घरांस नवीन नाहींत! वाद इतका पेटला कीं १७४५ सालीं कांहीं मंडळींनीं इराणी गणना पत्करली, व शहेनशाही आणि कदमी असे पंथ पडले. एकाच आळींतल्या दोन घरांचें नवें वर्ष आजही एक महिन्याच्या अंतरानें उजाडतें.

याच तारापुराकडे पाहिलें तर पारशी येथें किती मुरले तें कळतें. चिमाजी आप्पांच्या फौजेनें १७३९ सालीं पोर्तुगीजांपासून जिंकलेला किल्ला या गांवीं आहे. पुढें येथलेच विकाजी मेहेरजी व पेस्तनजी मेहेरजी हे बंधु निजामाच्या हैदराबादेस सावकारीची पेढी घालून बसले, आणि औरंगाबादेच्या टांकसाळींतला त्यांचा रुपया ‘पेस्तनशाही’ म्हणून चालला. तारापूरकर पारशी हैदराबादेस ‘परगांवचे’ ठरले ते इराणचे म्हणून नव्हे, कोंकणचे म्हणून!

आणि मग मौज पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत यझ्द व किरमाण प्रांतांतून दुसरी लाट आली. तेथें झरथुष्ट्रधर्मीयांवर जिझिया होता. तो उठविण्यासाठीं मुंबईच्या पारशांनीं १८५४ सालीं माणकजी लिमजी हातरिया यांस इराणांत धाडलें, व १८८२ सालीं तो उठला. दरम्यान १८७१ च्या सुमारास इराणांत भयंकर दुष्काळ पडला. जीव जगविण्यासाठीं निघालेलीं हीं कुटुंबें मुंबईस व डहाणू-घोलवडकडे आलीं. धर्म एक, पूर्वज एक; पण यांची बोली दरी, त्यांची गुजराती. सख्ख्या भावांनीं हजार वर्षांनीं भेटावें आणि दुभाषा लागावा, तसें झालें. एक ‘पारशी’ राहिले, दुसरे ‘इराणी’ झाले.

या इराण्यांनीं मुंबईंत चहाचीं दुकानें थाटलीं हें सर्वांस ठाऊक आहे. डहाणूकडे ते बागाईतदार झाले. चिकूचें झाड मूळचें मेक्सिको व मध्य अमेरिकेकडचें; तें इराणांतून आलेल्या माणसांनीं कोंकणच्या रेताड जमिनींत वाढविलें, आणि २०१६ सालीं ‘डहाणू-घोलवड चिकू’ यास भौगोलिक मानांकन मिळालें. झाड परकें, माळी परका, फळ मात्र गांवचें!

या गोड हकीकतींत एक कडू बी आहे, तें वगळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ज्या भूमीवर हे सर्व आले, तेथले जुने रहिवासी वारली. त्यांच्यापुढें कोणीं अटी ठेविल्या नाहींत कीं त्यांची संमति विचारली नाहीं. पारशी, इराणी, वाणी, ब्राह्मण अशा सर्वच जातींच्या जमीनदारांकडे ते वेठीस राबत होते. १९४५ सालीं त्यांनीं वेठ नाकारली, तेव्हां त्यांच्या पाठीशीं उभ्या राहिल्या त्या पुण्याच्या ब्राह्मण घरांत वाढलेल्या गोदावरी परुळेकर. स्वतःच्याच गांवीं परका होणें हेंही एक देशांतरच. अणुवीजकेंद्राच्या वाढीसाठीं पोफरण व अक्करपट्टी हीं तारापुराजवळचीं गांवें उठलीं, त्या लोकांस हें सांगावयास नको. त्यांनीं समुद्र ओलांडला नाहीं. समुद्रच त्यांच्यापासून दूर झाला. माशांच्या वाळवणाला किनारा नाहीं अशा ठिकाणीं घर मिळालें, तर ओटीवर बसून करावयाचें काय?

आज बोईसरच्या कारखान्यांत उत्तरेकडून आलेलीं हजारों माणसें आहेत. त्यांच्या खोल्यांतून संध्याकाळीं मोहरीच्या तेलाची फोडणी दरवळते, आणि शेजारपाजारच्या बायका प्रथम नाक मुरडून नंतर कृति विचारतात. जादी राण्याची दुसरी अट येथें निराळ्या रूपानें परत आली आहे: २०२० च्या कायद्यानें राज्यांतील सर्व शाळांत मराठी शिकविणें सक्तीचें झालें. ही सक्ती आम्हांस मान्य आहे. मात्र मराठी कविता पाठ करून आलेल्या त्या मुलास घरीं आईशीं भोजपुरींत बोलतांना लाज वाटणार नाहीं, एवढें पाहणें मास्तरांकडे आणि आपल्या शेजारधर्माकडे येतें. लंडनच्या किंवा शिकागोच्या शाळेंतून घरीं आलेल्या आपल्या नातवानें आजीशीं फोनवर कोणत्या भाषेंत बोलावें, याविषयीं आपल्या घरांत तर दुमत नाहींच.