कोयनेचे पाणी आज सोडायचे की मे महिन्यात?

कोणता वीजसंच किती वाजता किती वीज देणार, हे ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात आदल्या दिवशीच मांडले जाते. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे, आणि ढोबळ नियम एकच: ज्याची वीज स्वस्त त्याचा नंबर आधी. यालाच 'मेरिट ऑर्डर' म्हणतात.

नियम सोपा, पण कोळशाचा संच बटण दाबून सुरू होत नाही. थंड पडलेला बॉयलर तापवायला कित्येक तास जातात, वर महागडे तेल जळते ते वेगळेच. चालू ठेवावा, तर क्षमतेच्या साधारण ५५ टक्क्यांखाली सहसा उतरवता येत नाही. त्यामुळे भरदुपारी सौर वीज मुबलक असतानाही संध्याकाळच्या मागणीसाठी तो धुगधुगत ठेवावा लागतो. नुसत्या दहा संचांचे 'चालू की बंद' एवढेच २४ तासांतल्या प्रत्येक तासासाठी ठरवायचे म्हटले, तरी पर्यायांची संख्या ७३ आकडी होते. संगणक ते सगळे तपासत बसत नाही. ज्या फांदीवर स्वस्त उत्तर सापडणे शक्यच नाही, ती तो अख्खी छाटून टाकतो.

खरी गंमत कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पाची. क्षमता १९६० मेगावॉट, आणि त्याचे संच काही मिनिटांत भार उचलतात. पाण्याला इंधनखर्च नाही, म्हणजे कागदावर ही वीज सर्वांत स्वस्त. मग रोज मनसोक्त का वापरू नये? कारण वीज तयार झाल्यावर हे पाणी वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळते, कृष्णा खोऱ्यात परत येत नाही. म्हणून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) एवढी मर्यादा घातली. हिशेबाचे वर्ष १ जूनला सुरू होते. डिसेंबरात उधळलेल्या पाण्याची वीज मे महिन्याच्या संध्याकाळी बाजारातून चढ्या दराने आणावी लागते. तोच त्या पाण्याचा आजचा खरा भाव. तो धरला नाही, तर संगणकाने काढलेले उत्तर बिनचूक असूनही चुकीचे, असे माझे मत आहे.

पाण्याचे संच भार झटकन उचलतात, तसा झटकन सोडतातही. ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊला, कोरोना टाळेबंदीत पंतप्रधानांच्या आवाहनावरून, देशभर दिवे मालवले गेले आणि मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॉटने घसरली. तो धक्का मुख्यत्वे जलविद्युत केंद्रांनीच पेलला.

पण पाणी मोजके, संध्याकाळची वीज महाग आणि दुपारी सौर वीज मुबलक; तेव्हा पाण्याचा पंप, वॉशिंग मशीन, इस्त्री दुपारी उरकता येत असेल तर जरूर उरका.