‘उन्हाळी लागली’ म्हणून अंगावर काढू नका

लोणी देवकर भागात भर उन्हात उसाच्या खुरपणीला जाणाऱ्या आयाबहिणी पाणी बेतानेच पितात. तहान नसते असे नाही, लघवीला जायला आडोसा नसतो. मग घामाने लघवी पिवळी, घट्ट होते आणि जळजळते. धन्याचे पाणी, ताक, भरपूर पाणी पिऊन दिवसभरात थांबली तर ती उन्हाळीच.

पण सारखी घाई, थेंब-थेंब लघवी, ओटीपोटात कळ, उग्र वास असेल तर तो जंतुसंसर्ग. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर; शौचातले जंतू मूत्राशयात लवकर पोचतात आणि तुंबवलेल्या लघवीत वाढतात. म्हणून धुताना पुढून मागे धुवावे, संबंधानंतर लघवी करावी, सुती कपडे वापरावेत. वारंवार त्रास होणाऱ्या स्त्रियांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायल्यावर संसर्ग जवळपास निम्म्यावर आला, असे २०१८ च्या एका अभ्यासात दिसले. किडनी वा हृदयाचा आजार असल्यास मात्र डॉक्टरांना विचारूनच पाणी वाढवावे.

शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका; लघवी तपासून घ्या. थंडी-ताप, कमरेत कळ, उलटी, लघवीतून रक्त, किंवा गर्भारपण असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

एमआयडीसीत कामाला असाल तर महिलांसाठी वेगळे शौचालय मागा. १९४८ च्या कारखाने कायद्यापासून ते बंधनकारक आहे. रानात चौघींनी मिळून जुन्या लुगड्याचा आडोसा बांधावा. पाण्याची बाटली मग निर्धास्त रिकामी करता येते.