सवलत टक्क्यांत मिळते, विषयात नाही

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये पेढे वाटले जातात. मग चर्चा दोनच गोष्टींची. टक्के किती पडले आणि कॉलेज कोणते मिळणार? विषय कोणते घेतले, हे मात्र कुणी विचारत नाही. 'सायन्सला घातलंय' एवढे बोलून बाप मोकळा होतो. त्याचा तरी काय दोष? त्याच्या घरात अकरावीचे तोंड पाहणारे हे पहिलेच लेकरू असते.

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये बाबासाहेबांना संस्कृत घ्यायचे होते. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकविणार नाही, असे शिक्षकाने सांगितले आणि त्यांना पर्शियन घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. संस्कृत ते पुढे स्वतःच्या कष्टाने शिकले. त्या काळी विषय नाकारणारा माणूस समोर उभा होता आणि नाकारण्याचे कारणही त्याने लपविले नव्हते. आज कुणी नाकारत नाही. प्रवेशाच्या अर्जात विषयांच्या चौकटी असतात. सायबर कॅफेवाला विचारतो, 'मॅथ्स की बायो?' पंधरा वर्षांचा पोरगा दहावीच्या बीजगणिताची धास्ती आठवून 'बायो' म्हणतो. अर्ध्या मिनिटात काम उरकते. त्या अर्ध्या मिनिटात त्याने काय गमावले, ते त्याला दोन वर्षांनी कळते.

काय गमावले ते नीट समजून घेतले पाहिजे. बारावीनंतरच्या एमएचटी-सीईटीचे दोन गट आहेत, पीसीएम आणि पीसीबी. अभियांत्रिकीचा रस्ता पीसीएममधून जातो. फार्मसी आणि कृषी पदवीला दोन्ही गट चालतात. एनडीएमध्ये भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण हवाई दल आणि नौदलासाठी भौतिकशास्त्राबरोबर गणित हवेच. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत पदवीला जायचे तरी गणित लागते. म्हणजे गणित सोडणाऱ्या मुलासमोर मुख्यतः नीट उरते. नीटमध्ये नंबर लागला नाही की घरी एक वर्ष 'रिपीट', मग आणखी एक. क्लासवाल्यांचे यात काही बिघडत नाही, त्यांना फी दोनदा मिळते!

आता आपल्या समाजासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशासाठी बारावीला खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०. ही सवलत गुणांत आहे. विषयात सवलत नाही. जो विषय घेतलाच नाही, त्याला ४० टक्के कुठून येणार? आरक्षणाचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, नॉन क्रिमी लेयर, सगळी कागदपत्रे फाइलमध्ये तयार आणि मुलगा पात्रतेच्या पहिल्याच ओळीत बाद. राखीव जागा रिकाम्या राहिल्या की 'यांना मुलेच मिळत नाहीत' असे म्हणणारे तयारच असतात. ती मुले अकरावीच्या अर्जातच गळाली, हे कुणी मोजत नाही.

वाणिज्य शाखेतही हेच चालते. अनेक कॉलेजांत गणित किंवा चिटणिसाची कार्यपद्धती यांतून एक निवडायचे असते. एसपी पाठ करून पास होता येते, म्हणून पोरे तिकडे वळतात. कला शाखेचे तर आश्चर्यच आहे. बोर्डाच्या गणिताच्या पुस्तकावर स्वच्छ छापलेले आहे, 'कला आणि विज्ञान'. म्हणजे कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही गणित घेता येते. पण किती कॉलेजे कला शाखेला गणित देतात? आणि आपल्यापैकी किती जणांनी ते मागितले?

अर्थशास्त्राचेच पाहा. बाबासाहेब ज्या विषयात कोलंबियाचे एम.ए. आणि लंडनचे डी.एस्सी. झाले, तो आपला विषय असे आपण अभिमानाने सांगतो. दिल्ली विद्यापीठात २०२२ पासून पदवीचे प्रवेश सीयूईटी परीक्षेतून होतात आणि तिथे अर्थशास्त्र ऑनर्ससाठी गणित अनिवार्य आहे. बारावीला अर्थशास्त्रात शंभरपैकी शंभर पडले, पण गणित सोडलेले असेल, तर हा अभ्यासक्रम त्या मुलासाठी बंद.

प्रत्येकाने गणित घ्यावेच, असे आमचे म्हणणे नाही. ज्याला कायदा शिकायचा, साहित्य शिकायचे, त्याने खुशाल कला शाखेत जावे. पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमाला बारावीची कोणतीही शाखा चालते. दहावीनंतर पॉलिटेक्निकला जाऊन, पदविका घेऊन थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला जाण्याचा मार्गही चांगला आहे. पण सोडणाऱ्याला आपण काय सोडतो आहोत हे ठाऊक असावे. ज्याचे अजून काही ठरलेले नाही, त्याने गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावे. ओझे होते, हे खरे आहे. पण ओझे पुढे उतरविता येते, बंद झालेले दार उघडायला वर्ष जाते.

आपली मंडळे काय करतात? दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांचा गुणगौरव. बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये, पाहुण्यांची तारीख मिळेल तेव्हा. हार, शाल, प्रमाणपत्र, तीन तास भाषणे. तोवर अकरावीचे अर्ज भरून झालेले असतात. २०२५ पासून संपूर्ण राज्यात अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले आहेत. अर्ज भरताना चुकीचे कॉलेज किंवा चुकीची शाखा निवडली, तर पुढे निस्तरताना नाकी नऊ येतात. म्हणून हे काम दहावीची परीक्षा संपल्याबरोबर, एप्रिलमध्ये, विहारात बसून करायला हवे. मोठा वक्ता नको. वस्तीतला इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी आणि नर्सिंगची एक विद्यार्थिनी बोलवा. कोणत्या कॉलेजात कोणते विषय शिकवतात, अनुदानित तुकडी कोणती, विनाअनुदानित कोणती, फी किती, याची यादी फळ्यावर लिहा. तालुक्याच्या कॉलेजात गणिताला शिक्षक नसेल तर शहरातले शासकीय वसतिगृह आणि तिथे जागा न मिळाल्यास स्वाधार योजना, यांच्या अर्जांची माहिती त्याच दिवशी द्या.

ज्यांचे गणित सुटून गेले आहे, त्यांनी हात टेकू नयेत. बारावी उत्तीर्ण झाल्यावर बोर्डाच्या परीक्षेला राहिलेला एकच विषय घेऊन बसता येते. बोर्डाच्या भाषेत याला 'तुरळक विषय' म्हणतात. त्याचा अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत भरायचा असतो. कार्यालयातला बाबू 'असं काही नसतं' म्हणाला तर मुख्याध्यापकांना किंवा प्राचार्यांना लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.