जीव घाबरा होऊन गेल्यावर

आमच्या वस्तीतील एक ताई घाटकोपरला तीन घरची धुणीभांडी करतात. सकाळी कळव्याहून लोकल पकडायची, आठच्या आत पहिले घर गाठायचे, असा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. एके दिवशी मुलुंड आणि नाहूरच्या मध्ये गाडी थांबली. डब्यात हलायला जागा नव्हती. अचानक छातीत धडधड सुरू झाली, दरदरून घाम फुटला, बोटांना मुंग्या आल्या, श्वास अपुरा पडू लागला. "आता मी मरते," एवढेच त्यांच्या तोंडून निघाले. डब्यातल्या बायकांनी त्यांना भांडुपला उतरवले, पाणी पाजले, घरी कळवले.

दवाखान्यात ईसीजी काढला, रक्त तपासले. डॉक्टर म्हणाले, "काही झालेले नाही, घरी जा." हे ऐकून घरच्यांना हायसे वाटले, पण दुसऱ्या दिवशी त्याच शब्दांचा काटा झाला. ताईंना उठवत नव्हते, अंग ठणकत होते, मधूनच रडू येत होते. "डॉक्टर म्हणाले ना काही नाही, मग हे काय नाटक?" असे पती बोलून गेले. सासूबाईंना वाटले, बाहेरचे झाले आहे. कोणाला तरी दाखवून अंगारा आणावा. थोरल्या मुलाने भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बोट केले आणि तो विषय तिथेच संपला. सासूबाईंना नावे ठेवू नयेत. सून आजारी आहे हे निदान त्यांनी मानले होते.

डॉक्टरांचे म्हणणे खोटे नव्हते, अर्धे होते. हृदयाला काही झाले नव्हते. पण शरीराला बरेच काही झाले होते. वाघ समोर आल्यावर पळता यावे म्हणून शरीर जे रसायन रक्तात सोडते, ते अ‍ॅड्रेनालिन वाघ नसताना सुटले. त्याने काळीज धावते, स्नायू ताठ होतात, श्वास भराभर चालतो. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून बोटांना आणि ओठांना मुंग्या येतात. याला पॅनिक अटॅक म्हणतात. तो साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो व बहुधा अर्ध्या तासात ओसरतो. मागे राहतो तो थकवा. न पळताच मैलभर पळाल्यासारखे अंग गळते. यात नाटक कुठे आले?

मात्र पहिल्यांदा असे झाले तर घरच्या घरी निदान करू नये. छातीत दाब, कळ हातात किंवा जबड्यात जाणे, घाम, दम लागणे अशी लक्षणे असतील तर थेट मोठा दवाखाना गाठावा. बायकांमध्ये हृदयविकार कधी कळ न येताही येतो. रक्त कमी असणे आणि थायरॉईड यांचीही तपासणी सांगावी.

नंतरचे एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी, पण अंथरूण धरून बसू नये. वेळेवर जेवावे, पाणी प्यावे, थोडे चालावे. कोरा चहा आणि मिश्री कमी करावी, कारण दोन्हींनी धडधड वाढते. (मिश्री सोडा म्हटले की आपल्या भगिनी हसतात, हे मला ठाऊक आहे.) झोप येण्यासाठी दारूचा घोट तर नकोच. पुन्हा घाबरे झाले तर श्वास हळू घ्यावा आणि त्याहून सावकाश सोडावा. पिशवीत तोंड घालून श्वास घेण्याचा जुना उपाय करू नये.

शरीर दोन दिवसांत सावरते, मन मागे राहते. संयुत्त निकायात भगवान बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. एक बाण शरीराला लागतो. मग माणूस शोक करतो, तळमळतो, तो दुसरा बाण. ताईंचा दुसरा बाण होता, "पुन्हा झाले तर?" या धास्तीने त्यांनी लोकल सोडली. अर्ध्या तासाच्या वाटेला बस बदलत दोन तास लागू लागले आणि आठचे घर हातचे गेले. भीतीची जागा जितकी टाळावी तितकी भीती मोठी होते, असा हा आजार आहे.

विहारातील एका उपासिकेने त्यांना आनापानसती शिकवली. पण डोळे मिटून श्वासाकडे पाहिले की ताईंना अधिकच गुदमरे. असे अनेकांचे होते. तेव्हा डोळे उघडे ठेवून, पावलांकडे लक्ष देत चालण्याचे ध्यान त्यांना मानवले. दुखणे ताजे असताना दहा दिवसांच्या शिबिराला जाण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

झटके पुन्हा पुन्हा येऊ लागले तर मनोविकार विभागात जावे. मुंबईत केईएम, सायन, नायर या पालिका रुग्णालयांत तो आहे. सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून चालते. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नयेत. तसेच शेजारणीच्या झोपेच्या गोळ्या घेऊ नयेत, त्यांची सवय लागते.

ताईंना तेथील बाईंनी सांगितले, एकदम घाटकोपर नको. पहिले चार दिवस नुसते कळव्याच्या फलाटावर बसायचे. मग दुपारच्या रिकाम्या गाडीने ठाण्यापर्यंत, पुढे मुलुंडपर्यंत. बरोबर पती जात; "नाटक" म्हणणारे तेच. ते काही बोलत नसत, शेजारी बसत. नाहूरला धडधडले तेव्हा ताई उतरल्या नाहीत, ओसरेपर्यंत बसून राहिल्या.

गेल्या सोमवारी त्या सकाळच्या गाडीने एकट्या घाटकोपरला उतरल्या. आठचे घर तोवर दुसऱ्या बाईला गेले होते. त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांनी विचारून ठेवले आहे.