दुष्काळी मुलखातील सेवाकार्य : अहमदनगर जिल्ह्यातील ख्रिस्ती संस्थांची वाटचाल

सह्याद्रीने पावसाळी ढग अडवल्यामुळे ज्या पठारावर पाऊस थोडा आणि बेभरवशाचा पडतो त्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात ख्रिस्ती संस्थांचे सेवाकार्य दोनशे वर्षांच्या घरात पोहोचले असून, त्याचा सर्वांत सलग आलेख पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात पाहावयास मिळतो. या कार्याविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात बहुधा दोनच सूर आढळतात. एक सूर त्याला निर्मळ करुणेचे रूप मानून गौरवतो, दुसरा त्याच्याकडे धर्मांतराचे साधन म्हणून संशयाने पाहतो. या दोन्ही सुरांत गावातला गरीब माणूस केवळ घेणारा ठरतो, आणि त्याने या संस्थांकडून काय घेतले, काय नाकारले आणि त्यांना कोणत्या दिशेने वळायला लावले, हा खरा इतिहास नजरेआड राहतो.

अमेरिकेतील बोस्टन येथील प्रोटेस्टंट मंडळाने पाठवलेले पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि त्यांच्या शाखेला पुढे ‘अमेरिकन मराठी मिशन’ हे नाव मिळाले. या मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर येथे ठाणे उघडले. शहरातील उच्चवर्णीयांनी ग्रंथ वाचले, वाद घातले, काही थोड्यांनी बाप्तिस्माही घेतला. परंतु मिशनला मोठा प्रतिसाद मिळाला तो खेड्यांतील महार आणि मांग समाजांकडून, आणि त्यामुळे धर्मचर्चेसाठी आलेल्या या मंडळींना शाळा, औषध आणि धान्य या गोष्टींकडे वळावे लागले. सिंथिया फरार या शिक्षिकेने नगरमध्ये चालवलेल्या मुलींच्या शाळा जोतीराव फुले यांनी पाहिल्या होत्या, आणि सावित्रीबाईंचे अध्यापनाचे प्रशिक्षण फरारबाईंच्या संस्थेत झाल्याचे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. मिशनने लावलेले रोप मिशनच्या कुंपणाबाहेर कसे वाढले याचे याहून मोठे उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात सापडणे कठीण आहे.

१८७६ ते १८७८ या काळातील दुष्काळाने या कार्याचे स्वरूप बदलले. गावे ओस पडू लागली, अनाथ मुले मिशनच्या आवारात येऊन राहू लागली, आणि दुष्काळानंतरच्या वर्षांत मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांची संख्या झपाट्याने वाढली. भाकरीसाठी धर्म बदलला, असा आक्षेप तेव्हापासून घेतला जात आहे आणि त्याला बगल देऊन हा आढावा पुढे नेता येणार नाही. उपाशी माणसाला अन्न देणाऱ्याने त्याच वेळी त्याच्यासमोर आपला धर्मही ठेवावा, यात बळाची विषमता उघड आहे, आणि ती नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तथापि ज्या कुटुंबांनी हा निर्णय घेतला ती केवळ पोटासाठी वाकली असे म्हणणे हा त्यांच्या बुद्धीचा अपमान आहे. कारण वतनी चाकरीच्या नावाखाली चाललेली वेठबिगार, गावविहिरीवरची बंदी आणि शाळेचे बंद दार यांतून सुटण्याचा जो मार्ग समोर दिसला तो त्यांनी विचारपूर्वक धरला होता. त्या निर्णयाची किंमतही त्यांनाच मोजावी लागली. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला, तो पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला, परंतु ख्रिस्ती झालेल्या दलितांना मिळाला नाही. गावाने त्यांची जात विसरली नाही, कायद्याने मात्र ती विसरली. आणि म्हणूनच नगर जिल्ह्यातील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे स्वतःच त्या ग्रामीण गरिबांत मोडतात ज्यांच्यासाठी सेवाकार्य चालते असे मानले जाते.

परकीय पैशावर आणि परकीय निर्णयावर चालणाऱ्या या व्यवस्थेविरुद्ध पहिला मोठा आवाज आतूनच उठला. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांनी नगर आणि राहुरी येथे मिशनची अनेक वर्षे सेवा केली, पण १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ या नावाने पाश्चात्त्य संघटनेच्या बंधनाबाहेरचा बंधुसंघ उभारण्याचा प्रयत्न केला. दोन वर्षांत त्यांचे निधन झाले आणि तो प्रयत्न अपुरा राहिला. जिल्ह्याबाहेर, दौंडजवळच्या केडगाव येथे, पंडिता रमाबाईंनी १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून मुली व विधवा आणून मुक्ती सदनात ठेवल्या. तेथे विणकाम, छपाई, शेती, दुग्धव्यवसाय असे उद्योग शिकवले जात, कारण आश्रित स्त्रीने कायम आश्रित राहू नये हा रमाबाईंचा आग्रह होता. त्याच सुमारास मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले आणि दक्षिण महाराष्ट्रात शस्त्रक्रियेचा लौकिक निर्माण केला. ही दोन्ही कार्ये मोठीच होती, पण दोन्हींत पीडित माणसाला आपले गाव सोडून संस्थेच्या दारात यावे लागे.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी हळूहळू परतले आणि मागे राहिल्या त्या जुन्या इमारती, रुग्णालये आणि काही हुन्नरी माणसे. या काळातील एक योगदान फारसे कोणाला ठाऊक नाही. दख्खनचा कातळ फोडून खोल कूपनलिका घेणे यंत्रांमुळे शक्य झाले, परंतु तिच्यावर बसवलेले बिडाचे हातपंप एका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेले असत, आणि दिवसभर साऱ्या गावाने ते हापसले की काही आठवड्यांतच मोडत. १९६० च्या दशकात जालना येथील स्कॉटिश मिशनच्या कार्यशाळेत पोलादी, एकाच खिळीवर फिरणाऱ्या दांड्याचा पंप तयार झाला. पुढे सोलापुरात त्यात सुधारणा होऊन साखळीच्या आधारे आतली सळई सरळ रेषेत वरखाली होऊ लागली, त्यामुळे झीज कमी झाली. या सोलापुरी पंपाच्या पायावर १९७० च्या दशकात युनिसेफ, भारत सरकार आणि अभियंते यांनी ‘इंडिया मार्क २’ हा पंप सिद्ध केला आणि तो आशिया व आफ्रिकेतील असंख्य खेड्यांत पोहोचला. त्याला ‘हापसा’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला त्याचे मूळ आपल्याच मराठवाड्यात आणि सोलापुरात आहे याची कल्पना नसते.

या सर्व वाटचालीत अधिक थांबून पाहावे असे काम जामखेडचे आहे. रजनीकांत आरोळे यांचा जन्म १९३४ मध्ये याच जिल्ह्यातील सुपे येथे झाला, तर मेबल इमॅन्युएल यांचा १९३५ मध्ये जबलपूर येथे. दोघांनीही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात वैद्यकीय शिक्षण घेतले आणि विवाहानंतर नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात १९६२ पासून काही वर्षे काम केले. तेथे त्यांच्या ध्यानात आले की हगवण, कुपोषण, क्षय, बाळंतपणातील गुंतागुंत अशा ज्या आजारांसाठी लोक येतात ते बहुतांशी टाळता येण्याजोगे आहेत, बरा होऊन घरी गेलेला रोगी त्याच विहिरीचे पाणी पिऊन पुन्हा येतो, आणि जे सर्वांत गरीब आहेत ते रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते १९७० मध्ये परतले आणि बीड जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेड या मागास तालुक्यात ‘समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प’ सुरू केला. मोठ्या शहरात सहज मिळणारे स्थान नाकारण्यामागे त्यांची ख्रिस्तावरची श्रद्धा होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. मात्र संस्थेचे दार, तिची नोकरी किंवा तिची औषधे यांपैकी कशालाही धर्माची अट नव्हती.

प्रकल्पाचा आरंभ दुष्काळात झाला. गावकऱ्यांना विचारले असता त्यांनी दवाखाना मागितला नाही, पाणी आणि अन्न मागितले. आणि म्हणून बालकांच्या आहाराची सामूहिक स्वयंपाकघरे आणि कूपनलिका ही आरोग्याची पहिली कामे ठरली. कूपनलिकांच्या जागा दलित वस्तीत निवडण्याकडे आरोळे यांनी जाणीवपूर्वक लक्ष दिले, त्यामुळे तहानलेल्या सवर्ण स्त्रियांना त्या वस्तीत पाण्यासाठी यावे लागले. उपदेशाने जे झाले नसते ते पाण्याच्या ओढीने घडू लागले. या निर्णयामागचे समाजशास्त्रीय चातुर्य वैद्यकीय कौशल्याइतकेच महत्त्वाचे होते असे मानावे लागते.

गावात राहून काम करण्यासाठी प्रशिक्षित परिचारिका नेमण्याची मूळ योजना फसली, कारण बाहेरून आलेली एकटी तरुण स्त्री खेड्यात टिकत नसे आणि गाव तिच्यावर विश्वासही टाकत नसे. तेव्हा गावानेच निवडलेली, बहुधा निरक्षर, पुष्कळदा दलित किंवा परित्यक्ता असलेली प्रौढ स्त्री ग्राम आरोग्य कार्यकर्ती म्हणून घडवण्याचा मार्ग स्वीकारला गेला. या स्त्रिया दर आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करीत, आणि गर्भवतीची तपासणी, निर्जंतुक बाळंतपण, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी, बालकाचे वजन, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणे अशी एकेक गोष्ट शिकून गावात जाऊन ती इतर बायकांना शिकवीत. वेगवेगळ्या जातींच्या या स्त्रियांनी एकत्र जेवावे आणि एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपावे हाही प्रशिक्षणाचाच भाग होता. बाळंतपणातल्या गुंतागुंतीची खूण कळणारी बाई गावातच असली की उरलेल्या थोड्या अवघड रोग्यांसाठी रुग्णालय पुरे पडते, असा या रचनेमागचा हिशेब होता. पुरुषांची शेतकरी मंडळे आणि स्त्रियांची महिला विकास मंडळे या कार्यकर्तीच्या पाठीशी उभी राहिली. ज्या परिसरात आरंभी हजार जिवंत जन्मांमागे १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत, तेथे दोन-अडीच दशकांत हे प्रमाण तिसाच्या खाली आले, आणि यात नव्या औषधांपेक्षा या स्त्रियांच्या पायपिटीचा वाटा मोठा होता.

जामखेडचे महत्त्व लवकरच देशाबाहेर ओळखले गेले. जिनिव्हा येथील जागतिक चर्च परिषदेने १९६८ मध्ये स्थापलेला ख्रिश्चन मेडिकल कमिशन हा अभ्यासगट त्या काळी आत्मपरीक्षण करीत होता, कारण मिशनचा बहुतेक पैसा रुग्णालये चालवण्यात खर्च होई आणि बहुसंख्य आजारी लोक त्या रुग्णालयांच्या कक्षेबाहेर राहत. ग्वाटेमाला आणि इंडोनेशियातील प्रयोगांसह जामखेडचा प्रयोग त्याने पुढे आणला, जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७५ च्या एका ग्रंथात आरोळे दांपत्याचे प्रकरण समाविष्ट झाले, आणि १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेत ‘प्राथमिक आरोग्यसेवा’ ही संकल्पना जगाने स्वीकारली तिच्यामागे या अनुभवाचे बळ होते. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार आणि १९९० मध्ये पद्मभूषण मिळाले. मेबल १९९९ मध्ये आणि रजनीकांत २०११ मध्ये निवर्तले.

याच जिल्ह्यात कॅथलिक परंपरेतून आलेले दुसरे काम पाण्याचे आणि मातीचे आहे. १९४८ मध्ये भारतात आलेले स्विस जेसुइट धर्मगुरू हर्मन बाखर यांनी १९६० च्या दशकात नगरमध्ये ‘सोशल सेंटर’ उभारले. प्रारंभी विहिरी, इंजिने आणि कर्ज यांवर भर होता. पण विहिरी वाढल्या तसे भूजल खाली गेले आणि ज्याला जमीन आहे त्याचेच भले होते हेही उघड झाले. तेव्हा लक्ष पाणलोटाकडे, म्हणजे ज्या क्षेत्राचे पावसाचे पाणी एका ओढ्याला मिळते त्या साऱ्या क्षेत्राकडे वळले. जर्मन सरकारच्या साहाय्याने आणि नाबार्डच्या सहभागाने १९८९ च्या सुमारास आखलेला इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आणि १९९३ मध्ये स्थापन झालेली ‘वॉटर’ ही संस्था यांतून माथा ते पायथा या क्रमाने समतल चर, बांध आणि वृक्षलागवडीची कामे झाली. गावाने आधी श्रमदान करून दाखवावे, चराई आणि कुऱ्हाड बंद ठेवावी, आणि मग ग्राम पाणलोट समितीने खर्चाचा हिशेब स्वतः पाहावा, अशी रचना होती. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारखी गावे यातून टँकरमुक्तीकडे गेली. याचा भार मात्र सर्वांवर सारखा पडला नाही. चराईबंदीची झळ शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या भूमिहीनांना आणि धनगरांना आधी लागली, सरपण आणणाऱ्या बाईची वाट लांबली, आणि वाढलेले पाणी मुख्यतः विहीरवाल्यांच्या शेतात गेले. पाणलोटाच्या यशोगाथांत ही बाजू ठळकपणे मांडली जात नाही, ही उणीव आहे.

जामखेड आणि दरेवाडी येथे चर्चच्या ओळखीची माणसे पूल ठरली, परंतु निर्णयाची जागा गावाकडे गेली. उलट जेथे जुन्या मिशनची रुग्णालये केवळ परदेशी अनुदानावर आणि एखाद्या निष्णात शल्यविशारदावर उभी होती, तेथे अनुदान आटताच खाटा रिकाम्या झाल्या. परदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा १९७६ मध्ये आला, २०१० मध्ये तो नव्याने झाला आणि २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास बंदी घातली, तर प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्क्यांवर आणली. देणग्यांचा हिशेब मागणे रास्तच आहे. पण मोठ्या संस्थेकडून छोट्या गावपातळीच्या गटाकडे जाणारी वाट त्यामुळे बंद झाली, आणि याचा फटका कोणत्याही धर्माच्या दुर्गम भागातील कार्यकर्त्यालाच सर्वाधिक बसतो.

२००५ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने ‘आशा’ कार्यकर्तीची योजना आणली तेव्हा जामखेडने पूर्वी सिद्ध केलेला विचारच देशभर पोहोचला, परंतु अर्धाच. आशाताईंना आठवीपर्यंतच्या, पुढे दहावीपर्यंतच्या शिक्षणाची अट लागली, त्यांचा मोबदला कामागणिक ठरला आणि त्यांचे बरेच बळ नोंदवह्या भरण्यात जाऊ लागले, तर आठवड्याचे सहजीवन, गटातील आधार आणि गावातील सत्तेला प्रश्न विचारण्याचे धैर्य यांना त्या योजनेत जागा राहिली नाही. जामखेडच्या पहिल्या पिढीतील कार्यकर्त्या आता वृद्ध झाल्या आहेत, बालमृत्यूंऐवजी मधुमेह आणि रक्तदाब हे गावाचे आजार झाले आहेत, आणि त्यांच्या शिकलेल्या मुली व सुना विनामोबदला सेवेऐवजी पगाराची अपेक्षा ठेवतात, जी सर्वस्वी न्याय्य आहे. अनेक देशांतील डॉक्टर आणि विद्यार्थी आजही जामखेडच्या प्रशिक्षण संस्थेत येतात आणि ज्या स्त्रियांनी शाळेची पायरी चढली नव्हती त्यांच्याकडून सामुदायिक आरोग्याचे पाठ घेतात. महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात मात्र या स्त्रियांना शिक्षक म्हणून अजून स्थान मिळालेले नाही, आणि ते देण्यासाठी ना परदेशी निधी लागतो ना चर्चची परवानगी.