उपस्थात्याचे मूल्य

वाग्भटाचार्यांनी रुग्णाच्या गुणांत ‘आढ्य’ म्हणजे द्रव्यसंपन्न असणे प्रथम सांगितले. चरकसंहितेत तो गुण नाही. तेथे स्मृती, सांगितलेले पाळणे, निर्भयता आणि आपला त्रास सांगता येणे यांना स्थान आहे. विद्यार्थिदशेत आम्हांस हा केवळ परीक्षेत विचारण्याजोगा भेद वाटे. मेंदूस गंभीर इजा झालेला रुग्ण दारी आला की दोन्हींचा अर्थ एकदम उलगडतो. स्मृती गेलेली, त्रास सांगता येत नाही, आणि घरातील द्रव्य रुग्णालयातच संपलेले.

काही वर्षांपूर्वी दुचाकीच्या अपघातातून वाचलेला एक तिशीतील तरुण आमच्याकडे आला. शस्त्रकर्म व अतिदक्षता विभागाच्या खर्चाचा काही भार शासकीय योजनेने उचलला होता. पुढचा हिशेब पत्नीने वहीत लिहिला होता : डायपर, नळीतून द्यावयाचा आहार, झटके येऊ नयेत म्हणून रोजच्या गोळ्या, फिजिओथेरपी, रिक्षा. तिची स्वतःची सुटलेली नोकरी मात्र त्या वहीत कोठेच नव्हती. चतुष्पादातील उपस्थाता ती एकटी होती आणि त्या पादाचे मूल्य कोणीच धरले नव्हते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मर्यादा पाच लाखांपर्यंत वाढविण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला, हे स्वागतार्हच. परंतु ती रक्कम रुग्णालयातील उपचारांची. घरी रात्रंदिवस उशाशी बसणाऱ्याची नव्हे. न्यायालयाने मात्र हा पाद ओळखला आहे. २००७ च्या अपघातात मेंदूस इजा झालेल्या एका बालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दोन परिचारकांसाठी दरमहा १०,००० रुपये धरून १८ च्या गुणकाने २१ लाख ६० हजार रुपये केवळ परिचर्येसाठी मंजूर केले.

असा दावा पुराव्यावर चालतो, आणि येथे आमची चूक सांगणे प्राप्त आहे. त्या पत्नीकडे वकिलांनी औषधांची बिले मागितली तेव्हा आमच्याकडील सहा महिन्यांच्या तेला-काढ्यांची खरेदी कोऱ्या चिठोऱ्यांवर निघाली. नाव नाही, तारीख नाही. औषधविक्रेत्या बंधूंनी रुग्णाच्या नावाचे, तारखेचे पक्के बिल द्यावे आणि वैद्यांनी चिठ्ठीवर निदान व कालावधी लिहावा. यास वेळ लागतो, खर्च नाही.

महागडा सुवर्णकल्प लिहिण्यापूर्वी तो न दिल्यास काय बिघडेल, हे स्वतःस विचारावे. अभ्यंग घरच्यांना एकदा नीट शिकविला तर साध्या तिळतेलाने रोज होतो; त्यासाठी दर खेपेस चिकित्सालयात आणविणे म्हणजे रिक्षाचे भाडे वाढविणे होय. झटक्यांच्या गोळ्या आपल्या भरवशावर कदापि बंद करू नयेत. त्यातून उद्भवणारा पुनःप्रवेश त्या घरास परवडणारा नसतो.

आमच्या रुग्णपत्रिकेत आता एक ओळ अधिक आहे : उपस्थात्याचे नाव, आणि तो दिवसातील किती तास सेवेत असतो.